रोटरी टूल घेताय? वॅट राहू द्या, आधी कोलेट पाहा

दिवसभर भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करायचे आणि सुटीच्या दिवशी रावेतच्या फ्लॅटमधील बाल्कनीत छोटेसे वर्कशॉप मांडायचे, असा छंद अनेकांना असतो. गंजलेला स्क्रू कापणे, लाकडात खाच काढणे, ॲक्रिलिकची पाटी कोरणे, या कामांना हातात मावणारे रोटरी टूल सोयीचे. मात्र कारखान्यातील डाय ग्राइंडरची सवय खरेदीत दिशाभूल करू शकते.

डाय ग्राइंडरला साधारणपणे 6 मिमी दांड्याचा बर लागतो. छोट्या रोटरी टूलचे कोलेट, म्हणजे बिट धरणारी पकड, सहसा 3.2 मिमीपर्यंतचाच दांडा घेते. स्वस्त संचातील काही बिट 3 मिमीचे, तर काही 2.35 मिमीचे असतात. मापाचे कोलेट नसेल तर बिट थरथरतो, कधी निसटतो. म्हणूनच 100 बिटच्या डब्यापेक्षा वेगवेगळ्या मापांची चार कोलेट मोलाची.

अल्बर्ट ड्रेमेल यांच्या अमेरिकन कंपनीने 1935मध्ये ‘मोटो-टूल’ आणले. 1993पासून ही कंपनी बॉशकडे आहे. आजही अनेक जण कोणत्याही रोटरी टूलला ‘ड्रेमेल’च म्हणतात.

वेग कमी होतो का?

या टूलचे बळ दाबात नाही, वेगात आहे. दाबले की मोटर मंदावते आणि तापते. त्यामुळे वॅटपेक्षा वेग किती खाली आणता येतो, हे महत्त्वाचे. पूर्ण वेगात ॲक्रिलिक कापले जात नाही, वितळून बिटलाच चिकटते. छोट्या वायर ब्रशची मर्यादाही साधारण 15,000 आरपीएम असते; त्यापुढे तारा उडतात.

38 मिमीची कटिंग डिस्क 30,000 आरपीएमवर फिरली, तर तिची कड ताशी सुमारे 215 किमी वेगाने धावते. ती तुटली तर तुकडे थेट चेहऱ्यावर येतात. डिस्कवर छापलेला कमाल वेग टूलच्या वेगापेक्षा जास्त असायलाच हवा. काहीच छापलेले नसेल, तर ती डिस्क घेऊ नये. गॉगल हवाच, सैल हातमोजे मात्र नकोत, ते फिरत्या बिटमध्ये अडकतात.

नाजूक कोरीवकाम जास्त असेल, तर फ्लेक्सिबल शाफ्टवर खर्च करणे योग्य. मोटर हुकला टांगता येते आणि हातात पेनाएवढाच भाग राहतो. बाल्कनीत प्लग पॉइंट असेल, तर बॅटरीच्या मॉडेलसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

खरेदी बोहरी आळीत करा किंवा ऑनलाइन, कार्बन ब्रश बाहेरून बदलता येतात का आणि सुटे मिळतात का, हे आधी विचारून घ्यावे.