जुनी गाडी, पण कोणत्या सालची?

जुनी मोटार घ्यायचा विषय निघाला की घरात हमखास दोन तट पडतात. एका तटात एखादाच माणूस असतो. त्याने लहानपणी काकांच्या फियाटमध्ये मागच्या सीटवर चौघांत पाचवा बसून महाबळेश्वर पाहिलेले असते. दुसऱ्या तटात बाकीचे सगळे. त्यांचे प्रश्न रास्त असतात. घाटात बंद पडली तर? उद्या सरकारने बंदी घातली तर? अलीकडे यात एका तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे आणि तो मात्र मनाला लागतो. आधीच शहरात श्वास घ्यायची पंचाईत, त्यात आपण हौसेखातर आणखी धूर कशाला सोडायचा?

आमच्या घरी हा प्रश्न मुलीने विचारला. नातवाला हिवाळ्यात दम लागतो. शाळेच्या दप्तरात त्याचा पंप असतो. त्यामुळे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मला हवी होती ती थोडी वय झालेली, रविवारी पुण्याहून भोर-वाईकडे न्यायला मजा येईल अशी गाडी. अट अशी पडली की ती नियमात बसली पाहिजे, आणि नुसती कागदावर बसून भागणार नाही. मग मी नियम वाचायला घेतले, आणि सांगायला हरकत नाही, गाड्या पाहण्याइतकीच गंमत त्यात आली.

पहिला गैरसमज पंधरा वर्षांचा. 'पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात' असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. हा दिल्लीचा नियम. तिथे राष्ट्रीय हरित लवादाने आणि मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल वाहने रस्त्यावर आणायला मनाई केली. महाराष्ट्रात तसे नाही. इथे पंधरा वर्षे भरली की आरटीओत गाडीची तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि आरसी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. बोलीभाषेत 'पुन्हा पासिंग'. पाच वर्षांनी पुन्हा तेच. खर्च मात्र वाढत चालला आहे. मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एके काळी सहाशे रुपये होती. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाडीला ती ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. सरकार जुनी गाडी हिसकावून घेत नाही, पण ती सांभाळणाऱ्याच्या खिशात हात घालते.

दुसरा गैरसमज 'व्हिंटेज'चा. अनेकांना वाटते, गाडी पुरेशी जुनी असली की व्हिंटेज म्हणून नोंदवावी आणि मोकळे व्हावे. २०२१ मध्ये केंद्राने हे नियम केले खरे. पण गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात असावी लागते, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, पाटीवर 'व्हीए' अक्षरे येतात, आणि मुख्य म्हणजे ती रोज रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच. भाजी आणायला व्हिंटेज गाडी चालत नाही.

आता पीयूसी. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या त्या टपरीवजा केंद्रात सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि एक कागद हातात देतात. त्या कागदावरच्या मर्यादा आपण कधी वाचत नाही, मी वाचल्या. भारत स्टेज-२ पूर्वीच्या चारचाकीला, इंजिन जागच्या जागी चालू असताना, धुरात ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. स्टेज-२ आणि ३ च्या गाडीला अर्धा टक्का. स्टेज-४ ला ०.३ टक्के. म्हणजे एकाच केंद्रावर, एकाच नळीने, १९९५ ची गाडी २०१० च्या गाडीपेक्षा दहापट वायू सोडूनही 'पास' होते. दोन्ही कागद दिसायला सारखेच. शिवाय या तपासणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत, आणि छातीच्या तक्रारींशी त्यांचा जवळचा संबंध आहे. पीयूसी आवश्यक आहे, पण तेवढ्यावर मुलीला उत्तर देता येईना.

उत्तर सापडले ते गाडी बनवताना कंपनीला पाळाव्या लागणाऱ्या मर्यादांत. १९९६ मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या पेट्रोल मोटारीला हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मिळून, इंजिनाच्या आकारानुसार, किलोमीटरमागे ३ ते ४.३६ ग्रॅम सोडायची मुभा होती. स्टेज-२ मध्ये हाच आकडा ०.५ वर आला. स्टेज-४ मध्ये दोन्ही मिळून ०.१८. आणि आजच्या नव्या कोऱ्या स्टेज-६ पेट्रोल गाडीला? ०.१६. हे आकडे पुन्हा एकदा पाहावेत. मोठी उडी १९९६ आणि २००१ यांच्या मध्ये आहे. त्यानंतरच्या पायऱ्या लहान होत गेल्या. २०१० ची धड राखलेली पेट्रोल गाडी आणि कालपरवा शोरूममधून निघालेली पेट्रोल गाडी यांच्यात या बाबतीत बोटभर अंतर आहे; १९९५ ची गाडी मात्र वेगळ्याच युगातली.

असे का झाले, ते आमच्या गॅरेजवाल्या काकांनी बॉनेट उघडून समजावले. कार्ब्युरेटर म्हणजे अंदाजपंचे स्वयंपाक करणारा आचारी. थंडीत चोक ओढा, घाटात सांभाळा, पेट्रोल कधी जास्त कधी कमी. कन्व्हर्टरला हे चालत नाही. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा, हे प्रमाण सतत राखले तरच त्याच्या जाळीवरचे प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू विषारी वायूंचे निरुपद्रवी वायू करू शकतात. ते प्रमाण राखायला ऑक्सिजन सेन्सर आणि इंजेक्शन लागते. म्हणून गाडीच्या पाठीवरच्या 'एमपीएफआय' या चार अक्षरांचे तेव्हा एवढे कौतुक होते. चार महानगरांत १९९५ पासून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, २००० पर्यंत देशभरचे पेट्रोल शिसेमुक्त झाले, आणि त्यानंतरच कन्व्हर्टर सगळीकडे टिकू लागला, कारण शिसे त्याला मारते. स्टेज-२ मुंबईत २००१ च्या जानेवारीत लागू झाले, पुण्यात २००३ च्या एप्रिलमध्ये. स्टेज-४ दोन्हीकडे एप्रिल २०१० पासून.

डिझेलचे गणित उलटे आहे. तिथे काजळीची मर्यादा स्टेज-४ मध्ये किलोमीटरमागे ०.०२५ ग्रॅम होती आणि ती ०.००४५ वर आली थेट २०२० मध्ये. म्हणजे डिझेलची मोठी उडी अगदी अलीकडची. लंडनने आपल्या कमी धुराच्या क्षेत्रात हेच ओळखले: तिथे साधारण २००६ नंतरची पेट्रोल गाडी विनादंड चालते, डिझेल मात्र २०१५ नंतरची लागते. त्यामुळे पिंपरीत जन्मलेल्या टाटा सिएराकडे मी दुरूनच पाहिले. १९९१ ची ती उंच, मागे काचेची गाडी आजही मान वळवायला लावते. पण तिच्या मागे स्कूटरवर मी पुष्कळ प्रवास केला आहे.

प्रीमियर पद्मिनीचा निरोप घेणे जास्त अवघड गेले. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी म्हणजे मुंबईचा चेहरा. तिची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. खासगी पद्मिनी अजून दिसतात, नीट ट्यूनिंग केले तर त्यांच्या सवलतीच्या पीयूसीत पासही होतात. पण वर दिलेले आकडे वाचल्यावर नातवाला तिच्यात बसवायला माझेच मन घेईना.

मग २००१ नंतरच्या गाड्या. इथे खरी मौज आहे, आणि बरीचशी आपल्याच राज्यातली. कुर्ल्याचीच फियाट पॅलिओ २००१ मध्ये आली. तेंडुलकर तिची जाहिरात करायचा. तिचे १.६ लिटरचे शंभर अश्वशक्तीचे इंजिन अजून शौकिनांच्या गप्पांत असते. पेट्रोल पिते, पण दार लावल्यावर जो 'धप्' आवाज येतो तो त्या वर्गातल्या दुसऱ्या गाडीत नव्हता. त्याच सुमारास औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, स्कोडा ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली. तिची टर्बो पेट्रोल 'आरएस' मिळाली तर भाग्य. होंडा सिटीची जुनी १.५ व्हीटेक आहे, मित्सुबिशी लान्सर आहे. या सगळ्या स्टेज-२ किंवा ३ च्या. मी चिंचवडला एक पॅलिओ पाहिलीही. रंग उत्तम, सीट उत्तम, पण कन्व्हर्टरचे डबडे आतून रिकामे. मधला जाळीचा भाग कुणीतरी काढून विकला होता. 'त्याने पिकअप वाढतो,' असे मालकाने सांगितले. अशी गाडी म्हणजे पुन्हा १९९५.

या गटाची दुसरी भीती कायद्याची आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या जुन्या गाड्यांना दिलेले संरक्षण स्टेज-४ आणि पुढच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. वयाऐवजी स्टेज पाहणे मला न्याय्य वाटते, पण स्टेज-२ आणि ३ वाल्यांची त्यात सुटका नाही. मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल वाहने हळूहळू बंद करता येतील का, यावर जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अभ्यास करायला सांगितले आणि राज्याने समिती नेमली. वारे कुठून वाहते आहे हे कळायला हवामान खाते नको.

म्हणून शोध शेवटी २०१० पाशी थांबला. एप्रिल २०१० नंतर पुण्या-मुंबईत नोंदलेली पेट्रोल गाडी स्टेज-४ ची, तिची पीयूसी सहा महिन्यांऐवजी वर्षभर चालते, आणि वयाने ती आता कुठे पंधरा ओलांडते आहे, त्यामुळे किंमत उतरलेली. रांजणगावची फियाट लिनिया टी-जेट आणि चाकणची फोक्सवॅगन पोलो १.६, या दोन नावांवर घरात मतदान झाले. लिनिया देखणी, टर्बो. पण फियाटने इथला मोटारींचा संसार आवरल्यावर सुटे भाग शोधण्यात दिवस जातात. सौं.नी पोलोला मत दिले, कारण ती आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावते. लहान गाडीत १०५ अश्वशक्ती ही त्या काळी चैनच होती आणि ग्राहकांनी तिला फारसे विचारले नाही. आता जाणकार तिचा पत्ता विचारत फिरतात.

घेण्यापूर्वी काकांनी तीन गोष्टी पाहिल्या: कन्व्हर्टर मूळचा आणि भरलेला आहे का, ऑक्सिजन सेन्सर जिवंत आहे का, आणि सरकारी ॲपवर गाडीच्या नोंदीत 'भारत स्टेज-४' लिहिले आहे का. जुन्या गाड्यांच्या नोंदीत हा रकाना बऱ्याचदा रिकामा असतो आणि पुढे वाद झाला तर तेच अडते. नव्या पद्धतीची नंबर प्लेटही बसवलेली होती. पीयूसीला इंजिन चांगले तापवून नेले. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी निघाला. मुलीने कागद दोनदा वाचला आणि फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचेच पेट्रोल मिळते आणि ही गाडी त्या काळात बनलेली नाही, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट लगेच बदलून घेतले. पुढचे पासिंग २०३० मध्ये. क्लच मात्र त्याआधीच टाकावा लागेल, असे काका म्हणतात.