उरणकरानें कोणतें दार ठोठवावें?



आजचा विषय वरकरणी रुक्ष आहे. नळाचें पाणी, रस्त्यावरचा दिवा, जन्माचा दाखला, कचऱ्याची गाडी यांजविषयीं मी बोलणार आहें. परंतु हीं साधीं कामें ज्या गांवीं करून घ्यावयाचीं तें गांव उरण असेल, तर त्यांचें एक कोडेंच होऊन बसतें. इतर ठिकाणीं दिवा बंद पडला म्हणजे तो केव्हां लागेल असें लोक विचारतात. उरणांत पहिला प्रश्न असा असतो कीं, तुमचें घर कोणाच्या हद्दींत येतें?

द्रोणागिरी वसाहतींत नव्यानें राहावयास आलेले माझे एक परिचित या प्रश्नाच्या उत्तरासाठीं तीन कचेऱ्या फिरले. पहिलीनें त्यांना दुसरीकडे धाडलें, दुसरीनें तिसरीकडे, आणि तिसरींतील गृहस्थांनीं मोठ्या सौजन्यानें पुन्हां पहिलीचाच पत्ता लिहून दिला. कचेऱ्यांचीं नांवें मी घेत नाहीं. त्यांपैकीं कोणी खोटें बोललें असेंही मला वाटत नाहीं. उरणचा कारभारच असा थरांवर थर चढून तयार झाला आहे, आणि ते थर कसे चढले हें ठाऊक असल्यावांचून येथें कोणाचेंही काम सरळ होत नाहीं.

जुनें उरण समजावयास सोपें होतें. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे, करंजा बेटावरचें हें गांव. मिठागरें, भातशेती आणि मासेमारी हे येथले व्यवसाय. एकोणिसाव्या शतकांत येथें मोहाची दारू गाळण्याच्या मोठ्या भट्ट्या होत्या आणि त्यांवरच्या करामुळें सरकारचें या गांवाकडे बारीक लक्ष असे. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत येथें म्युनिसिपालिटी स्थापन झाली. गांव तिचें, खेडीं पाटलाचीं, आणि वर मामलेदार, एवढ्यांत सारा कारभार आटोपत असे. ती म्युनिसिपालिटी आज उरण नगरपरिषद या नांवानें 'क' वर्गांत मोडते. २०११ च्या जनगणनेंत तिच्या हद्दींतील वस्ती ३०,००० हून थोडीच अधिक भरली होती. म्हणजे ज्याला आपण सर्रास उरण म्हणतों त्याचा एक लहानसा तुकडाच नगरपरिषदेचा आहे. भोंवतालचीं बोकडवीरा, नवघर, फुंडे, चाणजे, नागांव, केगांव हीं गांवें आपापल्या ग्रामपंचायतींचीं.

मार्च १९७० मध्यें सिडको ही शासकीय कंपनी स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांची जमीन संपादनाखालीं आली. पुढें नव्या मुंबईचा बराच भाग १९९२ सालीं महानगरपालिकेचा झाला, पनवेलचा भाग २०१६ सालीं. उरणच्या वाट्याला मात्र महानगरपालिका आली नाहीं. सिडकोनें आंखलेली द्रोणागिरी वसाहत या दोन्ही महानगरपालिकांच्या बाहेर राहिली. तेथील रस्ते, गटारें व भूखंड यांचा विचार सिडको करते. पण सिडकोचे संचालक मतपेटींतून निवडून येत नाहींत. दरम्यान १९८९ सालीं न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें, त्याची स्वतंत्र कामगार वसाहत उभी राहिली. त्याआधींच तेल व नैसर्गिक वायु आयोगाचा प्रकल्प आला होता. असे हे थर.

आतां पाण्याकडे वळूं. हद्दींचा गुंता सर्वांत अधिक पाण्यांतच दिसतो. उरण शहराला आणि आसपासच्या अनेक गांवांना पाणी येतें तें रानसई धरणाचें, आणि रानसई धरण आहे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचें. नगरपरिषद तें पाणी घाऊक घेते व नळांतून किरकोळ वांटते. धरणांत गाळ सांचला आहे. पावसाळ्यापूर्वीं सांठा उतरला म्हणजे महामंडळ आठवड्यांतून एखाददुसरा दिवस पाणी बंद ठेवतें, आणि त्या दिवशीं गृहिणीचा संताप नगरसेवकावर निघतो. नळ ज्याचा त्यालाच मनुष्य विचारणार, हें स्वाभाविक आहे. परंतु कपातीचा निर्णय नगरपरिषदेचा नसतो. द्रोणागिरींतील सदनिकांना सिडकोचें पाणी मिळतें तें पेण तालुक्यांतील हेटवणे धरणांतून. टंचाईच्या दिवसांत तेंच हेटवण्याचें पाणी रानसईच्या मदतीलाही येतें. पूर्वेकडच्या कांहीं गांवांची योजना पुनाडें धरणावर आहे. म्हणून पाणी आलें नाहीं अशी तक्रार लिहितांना आपलें पाणी कोणत्या धरणाचें व नळ कोणाचा, या दोन गोष्टी अर्जाच्या आरंभींच लिहाव्या. वाटेंत फुटलेली घरगुती नळाची वाहिनी ही नगरपरिषदेची किंवा पंचायतीची बाब. सर्व गांवाचेंच पाणी तुटलें असेल तर वरच्या पुरवठादाराची.

दिव्याचेंही तसेंच. वीज सर्वत्र महावितरणची. घरांत अंधार झाला तर दार तिचेंच. पण रस्त्यावरचा खांब तेवता ठेवणें हें स्थानिक संस्थेचें काम आहे. शेजारच्या घरांत दिवे आहेत आणि रस्ता तेवढा काळोखांत आहे असें दिसलें, कीं महावितरणकडे जाण्यांत वेळ दवडूं नये. मोरा बंदरावरून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या उतारूंची गोष्ट आणखी निराळी. ओहोटीच्या वेळीं गाळामुळें बोट धक्क्याला लागत नाहीं. ती तक्रार नगरपरिषदेच्या टेबलावर पोंचून उपयोग नाहीं, कारण बंदर महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. इंदिरा गांधी ग्रामीण रुग्णालय शहरांत असलें तरी तें राज्य शासनाच्या आरोग्य खात्याचें आहे.

याच तालुक्यांत एक गांव असें आहे कीं तेथें दार कोणतें हा प्रश्न सुटूनही सत्तर वर्षें जावीं लागलीं. घारापुरी. लेण्यांमुळें साऱ्या जगाला तें बेट ठाऊक. १९८७ सालीं जागतिक वारशाच्या यादींत त्याचें नांव चढलें. पण राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तेथल्या तीन पाड्यांत संध्याकाळीं कांहीं तास जनित्र चाले, आणि नंतर अंधार. समोर मुंबईचे लक्ष दीप झगमगत असतां हा अंधार होता. अखेर समुद्राच्या तळाशीं सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकून २२ फेब्रुवारी २०१८ रोजीं तेथें कायमची वीज पोंचली.

एवढ्या कचेऱ्या म्हणजे नागरिक निराधार, असा समज मात्र करून घेऊं नये. कायद्यानें त्याच्या हातीं दोनतीन चांगलीं साधनें दिलीं आहेत आणि तीं फारसीं वापरलीं जात नाहींत. पहिलें, २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. या कायद्यान्वयें प्रत्येक कार्यालयानें आपण कोणत्या सेवा किती दिवसांत देणार हें जाहीर करावयाचें असतें. अर्ज दिला कीं दिनांक घातलेली पोंच घ्यावी. पोंच नसेल तर मुदत कोठून मोजणार? मुदतींत सेवा न मिळाली, किंवा कारण न देतां नाकारली, तर तीस दिवसांच्या आंत त्याच कार्यालयांतील वरिष्ठाकडे पहिलें अपील करतां येतें, त्यानंतर दुसरें, आणि शेवटीं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. पुरेशा कारणावांचून दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. दंडाची रक्कम लहान आहे असें कोणी म्हणेल. पण ती अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशांतून जाते, हें विसरूं नये.

जन्ममृत्यूच्या दाखल्याविषयीं एक गैरसमज घरोघर आढळतो. नोंद राहत्या गांवीं होत नसते, घटना जेथें घडली तेथें होते. उरणच्या सूनबाई वाशीच्या रुग्णालयांत बाळंत झाल्या, तर बाळाची नोंद नवी मुंबई महानगरपालिकेंत. मग आजोबांनीं उरण नगरपरिषदेच्या पायऱ्या झिजवून कांहीं साधत नाहीं. ही नोंद २१ दिवसांच्या आंत करावयाची असते, आणि पुढें शाळेपासून पारपत्रापर्यंत सर्वत्र तिची गरज पडते.

दुसरें साधन ग्रामसभा. वर्षांतून निदान चार वेळां ती भरवावी असें बंधन आहे आणि तिच्या आधीं स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. ज्या गांवाच्या मतदारयादींत आपलें नांव आहे त्या गांवच्या ग्रामसभेंत बसण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. तो सात पिढ्यांचा रहिवासी असो कीं गेल्या वर्षीं सदनिका घेतलेला असो. मला दिसतें तें असें कीं, नव्या इमारतींतील सुशिक्षित मंडळी आपल्या सोसायटीच्या सभेंत वाहनतळावरून तासतासभर वाद घालतात, आणि ग्रामसभा ही कोणा दुसऱ्यांची बाब समजतात. हद्दीच्या प्रश्नाचें उत्तर मतदारयादींत आधींच छापलेलें असतें, तेवढें कोणी पाहत नाहीं.

शहरांतील नागरिकांची स्थिती याहून बरी असावयास हवी होती. परंतु मध्यंतरीं ती तशी राहिली नाहीं. राज्यांतील बहुतेक नगरपरिषदांप्रमाणें उरणचीही मुदत संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. कित्येक वर्षें कारभार प्रशासकाच्या हातीं होता. प्रशासक कर्तबगार असूं शकतो, हें मान्य; परंतु ज्याला पुढच्या वेळीं मत नाकारतां येत नाहीं त्याच्यापुढें गाऱ्हाणें मांडणें आणि आपल्या प्रभागाच्या सदस्याला रस्त्यांत गांठणें यांत फरक आहे. २ डिसेंबर २०२५ रोजीं अखेर मतदान झालें, आणि हें गांठण्याचें सुख परत आलें.

आतां उत्सवांविषयीं. कारभाराच्या भाषणांत यांचा काय संबंध, असें आपण विचाराल. हद्दींनीं तुकडे पडलेला हा तालुका एकत्र दिसतो तो उत्सवांतच. नारळी पौर्णिमेला मोऱ्याचे, करंजाचे आणि हनुमान कोळीवाड्याचे कोळी सागराला नारळ देतात. नवरात्रांत करंजाच्या द्रोणागिरी देवीला चहूंकडून लोक जातात. गणपतींत शहरांतल्या विमला तलावाकांठीं दाटी होते. या गर्दींत नगरपरिषदेचा कोण आणि सिडकोचा कोण हें ओळखूं येत नाहीं. पण त्याच वेळीं गर्दीतल्या एखाद्याशीं बोलावें म्हणजे हद्दीचें दुःख बाहेर पडतें. हनुमान कोळीवाड्याचेंच घ्या. बंदरासाठीं शेव्याच्या कोळ्यांना उठवून येथें बसविलें; दिलेल्या घरांना वाळवी लागली; आणि दुसऱ्या पुनर्वसनाची मागणी घेऊन ते तेव्हांपासून बंदर, जिल्हाधिकारी आणि मंत्रालय यांच्यामध्यें हेलपाटे घालीत आले.

दोन दिवस मात्र उत्सवाचे नव्हेत, स्मरणाचे आहेत. १९८४ च्या जानेवारींत जमिनीच्या मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उठले. १६ व १७ तारखेस गोळीबार झाला व पांच जण ठार झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याची पद्धत पुढें आली ती या लढ्यामुळें. दरवर्षीं जासईस व पागोट्यास लोक जमतात. द्रोणागिरींत सदनिका घेणाऱ्या कुटुंबानें आपल्या करारांत 'साडेबारा टक्के योजनेंतील भूखंड' हे शब्द पाहिले असतील, तर त्यानें एका १६ जानेवारीस जासईस अवश्य जाऊन यावें.

तिसरा दिवस २५ सप्टेंबर. १९३० सालीं याच दिवशीं चिरनेर येथें अक्कादेवीच्या टेकडीवर जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला व आठ जण धारातीर्थीं पडले. रान कोणाचें, हा तेव्हांचा वाद होता. चिरनेरांत दरवर्षीं हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, आणि मुलेंमाणसें सर्व तालुक्यांतून येतात.

त्याच चिरनेरच्या नांवानें आतां एक नवें शहर आंखलें जात आहे. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून येणारा सागरी सेतु खुला झाला, त्याच दिवशीं लोकल गाडी उरणपर्यंत धांवूं लागली. आणि त्याच वर्षीं शासनानें उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गांवांसाठीं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नवनगर विकास प्राधिकरण नेमलें. गांवकऱ्यांनीं हजारों हरकती लिहून दिल्या. चिरनेरचा शेतकरी घरपट्टी पूर्वींप्रमाणेंच ग्रामपंचायतींत भरील, नातवाचा जन्म त्याच गांवीं झाला असेल तर दाखलाही तेथेंच मागेल, आणि सातबाऱ्यासाठीं तलाठ्याकडे जाईल. परंतु वाडवडिलांच्या घराला एक खोली वाढवावयाची झाली, तर तिचा नकाशा घेऊन कोणाच्या दारीं उभें राहावयाचें, हें त्याला आतां नव्यानें विचारावें लागत आहे.