दीड हजारांना विकलेलं मत?

भाईंदर पूर्वेला खारी, गोडदेव, नवघर ही जुनी गावं. आता तिथे चाळी, इमारती आणि स्टीलची भांडी घडवणारे गाळे एकमेकांना खेटून उभे आहेत. गाळ्यात पॉलिश मारणारा, चार घरची धुणीभांडी करणारी, रिक्षा चालवणारा यांनी भाजपला किंवा शिवसेनेला मत दिलं की शिकल्यासवरल्या मंडळींचं निदान ठरलेलं असतं: ‘दीड हजारांना विकले गेले. स्वतःचं हित कळतंच कुठे यांना?’ नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर हे वाक्य इतक्यांदा कानावर आलं आहे की त्याचा नीट हिशेब मांडायलाच हवा.

लाडकी बहीण योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली, महिना १,५०० रुपयांनी. विधानसभेच्या प्रचारात सत्ताधारी महायुतीने २,१०० कबूल केले, विरोधी महाविकास आघाडीने ३,०००. मत निव्वळ पैशाला जात असतं तर जास्त रक्कम देऊ करणारा जिंकला असता. यावर कुणी म्हणेल की एकाचे पैसे खात्यात जमा झाले होते, दुसऱ्याचे जाहीरनाम्यातच होते. बरोबर आहे, आणि त्याचा महायुतीला फायदा झालाच. पण आश्वासनापेक्षा अनुभवावर भरवसा ठेवणाऱ्या बाईला विकली गेलेली म्हणायचं, आणि प्राप्तिकरात सूट मिळाली म्हणून मत देणाऱ्याला जाणता मतदार म्हणायचं, हा न्याय मला मान्य नाही. शिवाय खात्यातले पैसे सत्ता वाचवतातच असंही नाही. आंध्र प्रदेशात जगन मोहन रेड्डींच्या सरकारने पाच वर्षं लोकांच्या खात्यांत थेट रकमा भरल्या. २०२४ मध्ये त्यांच्या पक्षाला १७५ पैकी ११ जागा मिळाल्या.

मतदानाच्या आदल्या रात्री वाटल्या जाणाऱ्या पाकिटांचंही तेच. सायमन शोशार या अभ्यासकाने मुंबईतल्याच निवडणुकांमध्ये हे वाटप जवळून पाहिलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की वाटलेल्या पैशाने मताची खात्री मिळत नाही. तरीही उमेदवार वाटतात, कारण समोरचा वाटतो आणि आपण मागे पडू ही भीती असते.

मग हा कामगार उजवीकडे का वळतो? याचं उत्तर शोधायचं तर मुंबईच्या कापडगिरण्यांच्या गिरणगावात जावं लागतं. १९६७ मध्ये या लाल बावट्याच्या बालेकिल्ल्याने कॉम्रेड डांग्यांना लोकसभेत पाठवलं. जून १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, आणि त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत परळने शिवसेनेच्या वामनराव महाडिकांना निवडून दिलं. तो सेनेचा पहिला आमदार. पुढे गिरण्यांचा संप झाला. डिसेंबर १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेतही, त्या संपाचे नेते दत्ता सामंत दक्षिण मध्य मुंबईतून खासदार झाले. पुढच्याच वर्षी मुंबई महापालिका सेनेच्या हाती गेली. चाळी त्याच होत्या, माणसंही बरीचशी तीच.

यात गोंधळ नाही. पगाराची आणि मालकाशी लढण्याची बाब सामंतांकडे. पोराची नोकरी, रात्री-अपरात्रीची अँब्युलन्स, नळाचं पाणी, रेशनकार्ड सेनेच्या शाखेकडे. शाखेत नावाने ओळखणारा माणूस भेटत होता, आणि बँका-विमा कंपन्यांतल्या नोकऱ्यांसाठी सेनेची स्थानीय लोकाधिकार समिती भांडत होती. मध्यमवर्ग ज्याला हित म्हणतो ते फक्त पगारात मोजतो. चाळीतल्या माणसाच्या हितात मान होता, भाषा होती, सण होते, धर्म होता. त्या राजकारणाची किंमत उडपी हॉटेलवाल्यांनी आणि दाक्षिणात्य कारकुनांनी मार खाऊन दिली. ते अन्यायाचंच होतं आणि तसंच म्हटलं पाहिजे. पण चूक ठरवलेलं मत आणि विकलेलं मत यांत फरक आहे. पहिल्याशी वाद घालता येतो. दुसरं म्हटलं की संवादच संपतो, आणि अपमान झालेला माणूस आपल्या पक्षाला आणखी घट्ट धरतो.

उरलेले गैरसमज थोडक्यात. ‘यांना विचारधारा नसते.’ प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी २०१८ च्या पुस्तकात सर्वेक्षणांच्या आधारे याच्या उलट मांडणी केली: समाजाच्या रूढींत सरकारने किती हात घालावा आणि कुणाला सवलती द्याव्यात, यावर भारतीय मतदारांची ठाम मतं असतात.

‘हे एका पक्षाला बांधलेले.’ मिरा-भाईंदरने २०१७ मध्ये महापालिकेत भाजपला ९५ पैकी ६१ जागा दिल्या; दोनच वर्षांनी विधानसभेला भाजपच्या विद्यमान आमदाराला पाडून बंडखोर अपक्ष गीता जैन यांना निवडलं, आणि २०२४ मध्ये पुन्हा भाजपला.

‘शिकले की बदलतील.’ २०१४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर लोकनीती या अभ्याससंस्थेने केलेल्या सर्वेक्षणात भाजपला मत देणाऱ्यांचं प्रमाण निरक्षरांपेक्षा पदवीधरांमध्ये जास्त होतं.