नाकेबंदीतला बाजार

सीमेवर टंचाई आली की तिचा राग बहुधा पलीकडून आलेल्या माणसावर निघतो. टंचाई अवर्षणाने आली की सरकारी हुकमाने, याचा विचार फारसा कोणी करत नाही. पेडणे, डिचोली आणि सत्तरी या गोव्याच्या सीमेवरच्या तालुक्यांनी १९५५ ते १९६१ या काळात हुकमाने आणलेली टंचाई भोगली. भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती. तिचा रोख लिस्बनवर होता. झळ आधी लागली ती चुलीला.

हे तालुके गोव्याच्या ‘नव्या काबिजादी’तले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीकर भोसल्यांच्या मुलखातून ते पोर्तुगीजांकडे गेले. डिचोली १७८१ साली, पेडणे १७८८ साली. राजवट बदलली तरी सोयरिकी, देवस्थाने आणि आठवड्याचे बाजार जिथल्या तिथे राहिले. पेडण्याच्या लेकी सीमेपलीकडच्या बांद्यात नांदत आणि बांद्याच्या पेडण्यात. वाळवंटीकाठची साखळी ही घाटाखालची बाजारपेठ. बेळगावकडची भाजी आणि कडधान्ये घाट उतरून येत, खालून मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर जाई. गोव्यात पिकणारा तांदूळ वर्षभर पुरत नसे, त्यामुळे बाहेरच्या धान्यावाचून गत्यंतर नव्हते. जकातनाके होतेच. १८७८च्या ब्रिटिश-पोर्तुगीज कराराने ते काही वर्षे उठले आणि १८९२ साली करार संपताच पुन्हा बसले. पण नाक्यावर जकात भरली की माल सुटे. वाटच बंद व्हावी, हा अनुभव नवा होता.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी भारतातून हजारो निःशस्त्र सत्याग्रही ठिकठिकाणी सीमा ओलांडून गोव्यात शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक जण मारले गेले. पेडणे तालुक्यात पत्रादेवीला त्यांचे स्मारक आहे. त्यानंतर भारताने पणजीतला वाणिज्य दूतावास बंद केला, कॅसलरॉकवरून येणारी रेल्वे थांबली आणि मालाची ने-आण बंद झाली. मुंबईत कामधंद्याला असलेल्या गोवेकरांची संख्या लाखाच्या घरात होती. त्यांनी घरी पाठवायच्या पैशांवरही बंधने आली. अन्नधान्याचा तुटवडा बोटीने आलेल्या मालावर भागवता येत असे. मनीऑर्डरीवर चालणाऱ्या घराला तसा पर्याय नव्हता, आणि नाकेबंदीचा हाच भाग सर्वांत निर्दय म्हणावा लागेल.

पोर्तुगालच्या सालाझार सरकारने समुद्राची वाट धरली. बटाटे हॉलंडहून, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून येऊ लागले. १९५५ सालीच सरकारने ‘ताइप’ ही विमानसेवा सुरू केली आणि गोवा कराचीशी जोडला. या सगळ्याचा खर्च निघाला तो डिचोलीच्या डोंगरांतून. जपान आणि पश्चिम जर्मनीला लोहखनिज हवे होते. खनिज बार्जमधून मुरगाव बंदरात जाई आणि त्याच्या बदल्यात परकीय चलन येई. नाकेबंदी जमिनीवर कितीही कडक असली तरी मुरगाव उघडे होते, तोवर लिस्बनला तिची फिकीर नव्हती.

त्यामुळे बाजाराचा तोल विचित्र झाला. बेळगावचा कांदा पन्नास-साठ मैलांवर असून मिळेनासा झाला आणि हजारो मैलांवरचा बटाटा टोपलीत आला. स्विस घड्याळ, नायलॉनचा शर्ट, स्कॉच यांना मात्र तोटा नव्हता. पलीकडे नेमके उलटे होते. भारतात परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते आणि मुंबई राज्यात १९४९च्या कायद्याने दारूबंदी होती. मग बांदा, आरोंदा, सातार्डा, दोडामार्ग इथल्या आडवाटांनी रात्री घड्याळे, सोने आणि दारू वर जाऊ लागली आणि धान्य-भाजी खाली येऊ लागली. तस्करीत जम बसलेल्यांना नाकेबंदी हवीशीच वाटत असणार. दोन पायली तांदूळ डोक्यावर घेऊन बहिणीकडे निघालेला माणूस आणि पट्टीचा तस्कर यांना वेगळे ओळखण्याची सोय शिपायाकडे नव्हती. त्याच्या लेखी दोघेही चोरटेच.

याच वर्षांत गोव्यातून परागंदा झालेले लोक सावंतवाडी, बेळगाव आणि मुंबईत राहत होते. कोणाच्या नावाने वॉरंट होते, कोणी तुरुंग भोगून आलेले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५मध्ये आंबोलीच्या जंगलातून गुप्त रेडिओ सुरू केला आणि तो मुक्तीपर्यंत चालवला. अशा माणसांना आसरा देणारी घरे पुष्कळ होती. पण सीमेवरच्या गावात परक्या पाहुण्याकडे तीन नजरांनी पाहिले जाई: हा देशभक्त की पोर्तुगीजांचा हेर, की मालाचा दलाल? नाक्यावर सामान अडकलेल्या दुकानदाराला आणि पाहुण्याच्या पायी पोलिसांचा फेरा मागे लागलेल्या यजमानाला तिसरा संशय सर्वांत सोयीचा.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पाहुण्यांची दिशा उलटली. आता भारतातून गोव्यात लोक येऊ लागले. हौशी प्रवासी आले, प्रतिनियुक्तीवरचे अधिकारी आले, आणि पणजी-म्हापशाच्या दुकानांतला परदेशी माल बघता बघता खलास झाला. भारताचे आयात निर्बंध गोव्यालाही लागू झाल्याने तो पुन्हा येणार नव्हता. वरच्या जागाही बाहेरून आलेल्यांकडे गेल्या. ‘डेप्युटेशनिस्ट’ हा शब्द गोव्यात कुरकुरीच्या सुरात बोलला जाऊ लागला तो तेव्हापासून. टंचाई आता घड्याळांची आणि नोकऱ्यांची होती. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही, हे ठरायचे होते. वाद भाषेचा आणि अस्मितेचा होता हे खरे, पण बाहेरचे येऊन नोकऱ्या बळकावतील ही धास्ती विलीनीकरणविरोधी प्रचारात ठळक होती. पेडणे-डिचोलीचा कल विलीनीकरणाकडे होता. ज्यांची अर्धी सोयरीक पलीकडे, त्यांना पलीकडचा माणूस परका वाटणे अवघडच. कौल मात्र १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी विलीनीकरणाच्या विरोधात गेला.

त्यानंतर ही सीमा फक्त दोन राज्यांमधली राहिली, तरी भाव वेगळे असले की तिची जाणीव होतेच. २०१२ साली गोव्याने पेट्रोलवरचा कर जवळपास काढून टाकला, तेव्हा सिंधुदुर्गातल्या गाड्या सीमेवरच्या पंपांवर टाकी भरायला येऊ लागल्या. मार्च २०२०च्या अखेरीस करोनाच्या टाळेबंदीत गोव्यात काही दिवस किराणा दुकानेही बंद होती आणि बेळगावची भाजी अडली. सीमा बंद झाल्याने दोडामार्ग-सावंतवाडीहून रोज गोव्यात कामाला येणारे घरी अडकले. काल-परवापर्यंत शेजारी असलेला माणूस त्या दिवसांत रोग घेऊन येणारा ठरला. १९५५ साली तो दलाल ठरत होता. दुकाने उघडली आणि घाटातून भाजीचे ट्रक पुन्हा सुरू झाले, तशी शेजाऱ्याविषयीची कुजबुज ओसरली.