बारा व्होल्टची बॅटरी : झटका नाही, पण आग आहे

14 एप्रिलच्या मिरवणुकीची तयारी सुरू झाली की कर्जत-खालापूरच्या वस्त्यावस्त्यांतून टेम्पो सजू लागतात. रोषणाई व भोंगे चालविण्यासाठी आपली मुले गाडीच्या बॅटरीवरच तारा जोडतात. हटकले तर उत्तर ठरलेले : "बारा व्होल्ट तर आहे, शॉक कुठे बसतो?"

हे अर्धसत्य आहे. कोरड्या कातडीचा विरोध हजारो ओहम असल्याने बारा व्होल्ट सहसा जाणवत नाहीत. परंतु हातातील पाना किंवा बोटातील अंगठी बॅटरीच्या दोन टोकांमध्ये सापडली, तर तिला विरोध जवळजवळ नसतोच. शेकडो अँपिअर वाहतात आणि अंगठी क्षणात तापून बोट भाजून काढते. म्हणून काम करताना अंगठी, घड्याळ, कडे आधी काढावे.

हिशोब सोपा आहे. 1200 वॅटचे काम घरच्या 230 व्होल्टवर सुमारे पाच अँपिअरमध्ये होते. बारा व्होल्टवर शंभर लागतात. तारेतील उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे करंट वीसपट, तर त्याच तारेत उष्णता चारशेपट! घरात उरलेली बारीक वायर येथे वापरणे म्हणजे वातच पेटविणे होय. जोड सैल असेल तरीही तेच. शतांश ओहमचा विरोध असलेल्या जोडातून शंभर अँपिअर गेले तर एका नटाखाली शंभर वॅट उष्णता साठते. तार जाडच हवी, आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ हवा. तो दूर बसविला तर मधली तार उघड्यावरच राहिली.

आमच्या तालुक्यातील माथेरानमुळे हा विषय अधिक जिव्हाळ्याचा झाला आहे. तेथे डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या. ऑगस्ट 2025 मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने, माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. बाबासाहेबांच्या अनुयायांना याचे मोल सांगावयास नको. आता त्या हातांत बॅटरी येत आहे. ई-रिक्षा बहुधा 48 व्होल्टच्या असतात आणि चढणीला मोटार करंट फार खेचते. त्यात डोंगरावरचा पाऊस टोकांवर गंज चढवितो. घरातील साधे बटण येथे चालत नाही : घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते म्हणून ठिणगी विझते, बॅटरीची ठिणगी तशी विझत नाही.

बॅटरी सोडविताना ऋण टोक आधी काढावे, जोडताना शेवटी लावावे. गाडीचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. ते आधी सुटले की धन टोकावरचा पाना पत्र्याला लागला तरी काही बिघडत नाही.

आणखी एक. पाण्याच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. विहाराच्या मागल्या खोलीत रात्री बॅटरी लावून ठेवणाऱ्यांनी खिडकी उघडी ठेवावी, आणि वंदनेची मेणबत्ती तेथे नेऊ नये.