पगाराची पावती आणि केबिनमधले दिवस

कमाईचे प्रकार
लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाची कमाई मासिक पगार, खेपेमागे रक्कम किंवा दोन्ही मिळून ठरते. भत्ता वेगळा. तो वाटेतल्या जेवणखाणासाठी असतो, म्हणून कमाईत धरत नाहीत. काही मालक निघताना ठोक रक्कम हातावर ठेवतात. डिझेल, टोल, पंक्चर, जेवण भागवून उरेल ते चालकाचे. खेपेवर पैसे असतील तर गोदामाच्या फाटकावरचा खोळंबा आणि परतीच्या मालाची वाट पाहणे बहुधा बिनपगारी जाते.

तास
• मोटार परिवहन कामगार कायदा, 1961 : दिवसाला 8, आठवड्याला 48 तास, सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. पाचपेक्षा कमी कामगारांच्या व्यवसायाला तो आपोआप लागू नव्हता. एक-दोन गाड्यांचे मालक त्यामुळे सहसा बाहेरच राहिले. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो सामावला.
• ई-वे बिल (माल नेताना सोबत लागणारा जीएसटीचा दस्तऐवज) : साध्या मालाला त्याची मुदत दर 200 किमीमागे एक दिवस (1 जानेवारी 2021 पासून, आधी 100 किमी). मुंबई–दिल्ली सुमारे 1,400 किमी, म्हणजे सात दिवस.

समाधानाची बाजू
घरापासून दूरचे दिवस, झोप, सुरक्षित पार्किंग, स्वच्छतागृह, मिळणारी वागणूक. यांतले काहीच पगाराच्या पावतीवर दिसत नाही.
• 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे. जुन्या गाड्यांना नाही.
• प्राणघातक अपघातानंतर न कळवता पळून गेल्यास 10 वर्षांपर्यंत कैदेच्या तरतुदीविरुद्ध जानेवारी 2024 मध्ये चालकांनी देशभर गाड्या थांबवल्या. मागणी पगाराची नव्हती. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली तेव्हा ही तरतूद असलेले तिचे कलम 106(2) स्थगित ठेवले गेले.