चिपचाप ऐका! मिरजेचा सूर, आठ सेकंदांत

लूपर म्हणजे काय, माहीत आहे का? एक तुकडा वाजवायचा, तो रेकॉर्ड होतो आणि पुरे म्हणेपर्यंत फिरून फिरून वाजत राहतो. त्यावर तुम्ही गा, बासरी धरा, ढोलकी बडवा! गिटारवाले त्यासाठी महागडं पेडल घेतात. आपण घरीच बनवू या. आणि सूर? तो सांगली जिल्ह्याचा, नेमकं सांगायचं तर मिरजेच्या तानपुऱ्याचा!

आपला हिरो आहे आयएसडी१८२० ही चिमुकली चिप. माइक आणि तीन बटणांसकट तिचा तयार बोर्ड मिळतो. ८ ओहमचा स्पीकर जोडा, ३ व्होल्टसाठी दोन पेन्सिल सेल लावा, ‘रेक’ दाबून धरा आणि वाजवा. रिपीटचा जम्पर लावून ‘प्ले’ दाबलं की लूप चालू!

माहीत आहे का? ही चिप आवाजाचे शून्य-एक करतच नाही. प्रत्येक क्षणाचं व्होल्टेज जसंच्या तसं मेमरीच्या कप्प्यात ठेवते. सेल काढले तरी आवाज जागचा हलत नाही. कंपनीच्या हिशेबाने १०० वर्षं टिकतो! आजचा रियाज पणतूला ऐकवा की.

आता गंमत एका रेझिस्टरची. लूपची लांबी तोच ठरवतो. १०० किलोओहम म्हणजे १० सेकंद, ८० म्हणजे ८, २०० म्हणजे २०. दहा सेकंदांत तीनतालाच्या १६ मात्रा बसवायच्या, तर लय मिनिटाला ९६ मात्रांची. आठ सेकंदांत? थेट १२०! सम आली रे आली की ‘रेक’ सोडा, नाहीतर लूपचा सांधा कानाला टोचतो.

मग वीस सेकंदच घेऊ, म्हणाल. थांबा! वेळ वाढली की सॅम्पलिंग, म्हणजे क्षणाक्षणाचं व्होल्टेज टिपणं, मंदावतं. २० सेकंदांच्या सेटिंगवर १३०० हर्ट्झच्या वरचं सगळं गुल, ८ वर मात्र ३४०० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, जुन्या टेलिफोनइतकं. तानपुऱ्यात हा फरक फार जाणवतो. त्याची तार घोडीच्या बाकदार माथ्यावर घासत कंप पावते, खाली सुताचा धागा असतो आणि त्यातून वरच्या स्वरांचं झगमगतं मोहोळ उठतं. हीच ती जवारी. वीस सेकंदांच्या हावेपोटी तिचा बळी देऊ नका! तानपुऱ्याच्या एक-दोन फेऱ्यांना आठ सेकंद छान पुरतात.

आणि मिरजच का? एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब नावाच्या कारागिरांनी इथे शस्त्रांचं काम सोडून तंतुवाद्यं घडवायला घेतली. पंढरपूरकडचे भोपळे आणि मिरजेचे हात, अशी ही जोडी! २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं.

इथेच राहिले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. त्यांच्या काळात तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात त्यांनी राग उभे केले! आपल्या आठ सेकंदांना कमी का लेखायचं?

आता धरा खुर्ची. टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार १९६३ मध्ये पॅरिसमध्ये दोन टेपरेकॉर्डर जोडून लूप वाजवत होता. १९७० मध्ये तो शिष्य झाला पंडित प्राणनाथांचा. घराणं? किराणा! लूपवाला शेवटी तानपुऱ्यापाशीच आला.

तानपुरा मिरजेचा, इलेक्ट्रॉनिक तानपुरा मात्र बंगळुरूचा. जी. राज नारायण यांनी तो १९७९ मध्ये केला.

सातारकरांनो, सांगलीचंच कौतुक म्हणून रुसू नका! महाबळेश्वरचा एको पॉइंट म्हणजे बिनसेलचा डिले, आवाज जरा वेळाने परत देणारा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. समोरचा कडा १७० मीटरवर असेल, तर तुमचा ‘ओऽऽ’ एका सेकंदात परत.

आता परत आपल्या चिपकडे. थोडी कारागिरी जमत असेल, तर बोर्डवरचा १०० किलोओहमचा रेझिस्टर काढा. त्या जागी ८२ चा रेझिस्टर आणि त्याच्याशी एका ओळीत १०० चा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) टाका. एकूण ८२ वर रेकॉर्ड करा, वाजवताना १६४ पर्यंत फिरवा. वेग निम्मा, सूर बरोब्बर एक सप्तक खाली! बाईंचा तानपुरा क्षणात बुवांचा.

एकच अडचण: जुन्यावर नवा थर चढत नाही, नवं रेकॉर्ड केलं की जुनं पुसतं. उपाय सोपा आहे. दोन बोर्ड घ्या, एकात तानपुरा, दुसऱ्यात ठेका.

मिरजेला गेलात तर तंतुवाद्यांच्या गल्लीत जरूर डोकवा. कारागिराला आधी विचारा, त्यांनी जवारी लावलेला तानपुरा छेडायची विनंती करा आणि मगच ‘रेक’ दाबा. ८ सेकंदांच्या सेटिंगवर, बरं का!